एक ते सातात न मावणारं दुम्यात

कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हो हे, की माणसाचं सुख एक ते सातात मावतं? नाही, मला त्याला एकदा भेटायचंच आहे! स्वतः उबदार खोलीत कॉफी पीत पट्टी आखून मोकळा झाला, आणि इथे दुम्यातच्या गल्ल्यांमधून, डोक्यावर ऊन घेत, दारोदार सुख मोजत फिरायचं कुणी? तर मी! नेहालनं!

आता तुम्ही म्हणाल, तुला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही, मीच मागून घेतलं! तुम्हाला सांगते, मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं असतात ना, माणसाचं मन असं असतं आणि तसं असतं... कुणाचं मन? तर चार श्रीमंत देशांतल्या कॉलेजच्या पोरांचं! आणि आम्हा इजिप्तवाल्यांकडे काय मनाच्या जागी भुसा भरलाय? मग मी परदेशातल्या एका प्राध्यापकांच्या मागेच लागले, म्हटलं, देशोदेशीचं सुख मोजताय ना, मग आमचं दुम्यातही घ्या. ते म्हणाले, घेतो, पण उत्तरं वेडीवाकडी आली तर तुमचं गाव वगळणार. म्हटलं, वगळून तर दाखवा!

पहिले गाठले सुतारकामातले उस्ताद, उस्ता सबरी. हात प्लास्टरमध्ये, सोनेरी नक्षीच्या खुर्च्या गिऱ्हाईकावाचून छतापर्यंत रचलेल्या, आणि वरच्या घराची मोरी गळतेय ती नेमकी मखमली गाद्यांवर! विचारलं, "उस्ता, आयुष्यात किती सुखी आहात?"

"अल्हम्दुलिल्लाह!"

"बरं, पण आकडा?"

"अगं, देवाचे आभार मानले, त्यात आकडा कुठे घालतेस? मोगऱ्यासारखं चाललंय पोरी, मोगऱ्यासारखं!"

"मोगऱ्याला किती देऊ?"

"सात दे. हात मोडला, मान तर शाबूत आहे! तक्रार केली तर देव म्हणेल, असं का, एवढं कमी पडलं होय?"

लिहिले सात. तिथून गेले आमच्या वरच्या मजल्यावर, हिशामच्या आईकडे. मुलीचं लग्न ठरलंय, हिशामला कुवेतला नोकरी लागलीय, घरात मसाला भरलेलं बदक शिजतंय आणि त्याचा वास पार खालच्या जिन्यापर्यंत... आणि बाई दारात उभ्या कशा? डोक्याला फडकं आवळून! किती सुखी आहात, म्हटलं.

"अल्हम्दुलिल्लाह..." म्हणजे अशा कण्हल्या, की मला वाटलं आता पाणी पाजावं लागतंय.

"बरं, पण आकडा?"

"एक."

"एक? अहो, लेकीचं लग्न..."

"हळू बोल, मेले!" मला आत ओढलं, कडी लावली. "समोरची दाराला कान लावून असते. दृष्ट लागली तर काढायला तुझा प्राध्यापक येणार आहे का? लिही एक. आणि गुडघे दुखतात, तेही लिही."

"दुखतात का?"

"नाही ना, म्हणूनच लिही!"

तुम्हाला सांगते, अख्खं गाव असंच! ज्याचं बुडालं त्याचे सात, ज्याचं फुललं त्याचा एक! पाठवलं सगळं, तर प्राध्यापकांचा फोन. "मिस नेहाल, तुमच्या गावात हात मोडला की माणूस आनंदतो आणि लेकीचं लग्न ठरलं की आई खचते. यांना प्रश्नच कळलेला नाही. दुम्यात वगळू या."

वगळू या? माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "प्रश्न त्यांना कळलाय, उत्तर तुम्हाला कळलेलं नाही! तुमच्याकडे माणूस उत्तर देतो तेव्हा खोलीत तो आणि कागद, दोघंच असतात. आमच्याकडे वरून देव ऐकतो आणि समोरून शेजारीण! देवापुढे दुःख झाकायचं, शेजारणीपुढे सुख लपवायचं, आणि तेही एकाच वाक्यात! हेच तर शोधायला निघालात ना? मग हेच खोडताय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. म्हटलं, संपलं, गेलं दुम्यात, पुन्हा त्या कॉलेजच्या पोरांचंच मन! तर ते सावकाश म्हणतात कसे, "याच्यावर वेगळा लेख होईल. दुम्यात राहील. आणि लेखावर पहिलं नाव तुमचं."

काय सांगू तुम्हाला, खुर्चीवर चढून नाचावंसं वाटलं! आणि तेवढ्यात त्यांना कुठून सुचलं देव जाणे, हसत विचारतात, "मग, आत्ता या क्षणी तुम्ही किती सुखी?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"बरं, पण आकडा?"

सात! अगदी जिभेच्या टोकावर होते सात! मी शिकलेली, विज्ञानवाली, दृष्टबिष्ट न मानणारी... तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं?

"दोन."

फोन ठेवून वळले, तर मागे आई. एका हातात भाजीचा डाव, दुसरा कपाळाला.

"दोन म्हणालीस? आणि तेही खिडकी उघडी ठेवून?"