किल्ल्यातला चंदर

बदलापूर स्टेशनबाहेर खरवईच्या शेअर रिक्षाची रांग हलेना. पुढची बाई भावावर असा आवाज चढवत होती की शलाकाने कानातले हेडफोन काढूनच ठेवले.

"हरेश, रविवारी तुझ्या पोराचं बारसं. आईची इच्छा म्हणून मी आत्या त्याच्या कानात बाबांचं नाव सांगणार. आणि तू तुझ्या त्या राजा-राक्षसांच्या कादंबरीत तेच नाव कोणाला दिलंस? तळघरातल्या पहारेकऱ्याला!"

"ताई, गोष्ट आहे ती. दोन पानांचा व्हिलन आहे."

"नाव चंदर, वर डावखुरा, आणि कोंडलेल्या पोराला चाबकानं फोडून काढतो. लोक काय आंधळे आहेत?"

"मग खोटं लिहिलंय का? माझ्या पाठीवरचे वळ तू पाहिलेस ना?"

"पाहिले. हळद मीच लावायचे."

"म्हणूनच माझ्या पोराला ते नाव नको. तू कशाला चिडतेस?"

"कारण त्या तळघरात एकटा पोरगाच आहे, हरेश! तुला पाठीशी घालून निम्मा मार कोणी खाल्ला? तुझ्या अख्ख्या किल्ल्यात मी कुठे आहे?"