कामगार नव्हे, सखी

कोर्टात निकालाची नक्कल घ्यायला मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोघी जावा होत्या, इस्पितळात झाडलोट करणाऱ्या.

"जाऊबाई, आपण जिंकलो ना? मग नक्कल कशाला?"

"साहेबाच्या तोंडावर मारायला. नऊ वर्षं इथं चपला झिजवल्या. शेवटी न्यायाधीशांनी घटनेतलं कलम वाचून ठणकावलं, काम सारखं तर पगारही सारखा. कंत्राटी कामगारांना कायम करा."

"आणि साहेब काय म्हणाला?"

"हात जोडले मेल्यानं! म्हणे, निकाल शिरसावंद्य. पण तो कामगारांसाठी आहे, आणि तुम्ही सोमवारपासून स्वच्छता-सखी."

"सखी?"

"ओळखपत्रावर गुलाबी अक्षरांत छापलंय. कामगाराला पगार द्यावा लागतो, सखीला मानधन पुरतं. कामगाराला रजा लागते, सखी हौसेनं येते."

"म्हणजे फडकं तेच, बादली तीच..."

"आणि आपण त्याच्या मैत्रिणी! एकदा त्याच्या बायकोलाच सांगून येते, बाई गं, तुझ्या नवऱ्याला अडीचशे सख्या आहेत."

"हळू बोला, कोर्ट आहे."

"कोर्ट आहे म्हणूनच बोलते. सखी म्हणजे कोण, तेही आता इथंच लिहून घेणार. लागू देत अजून नऊ वर्षं."

तेवढ्यात कोर्टातली सफाईवाली बादली घेऊन आली. "ताई, जरा सरका. फरशी पुसायचीय."

"पुसा बाई, पुसा. तुमचं बरंय, खुद्द कोर्टातच कामगार."

"कामगार म्हणू नका हो, वरचे ओरडतात. मी न्याय-मैत्रीण."