फरशीवरची मिरची

—असू द्या नाना, चोळा खुशाल तळपाय, इथं दवाखान्यात कोण हसणार? गेल्या वर्षी मीही याच बाकावर अशीच चोळत बसले होते. मुंग्या येतात ना? अंथरुणावर पडलं की आग? तेच ते. मी बेबाबाई, अमळनेरची. मला काय वाटलं सांगू — आमची सून, दिपमाला, फरशीवर मिरची सांडते नि नीट पुसत नाही. घरात बठ्ठे, सगळेच खुशाल हिंडतात, पाय माझेच कसे भाजतात — एवढी अक्कल तेव्हा कुठं चालते? रोज बोलायचे मी तिला. ती बिचारी दोन-दोनदा पुसायची. मग म्हटलं, ऊन पाण्यात पाय बुडवू. बुडवले. छान वाटत होतं — वाटत कसलं, कळतच नव्हतं काही. तिनं पाण्यात बोट घातलं नि झटकन काढलं. ‘आई, पाणी कढत आहे हो.’ पाय काढला तर हा एवढा फोड. तिनंच गाडी करून मला जळगावला आणलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले, अंगठ्याला नायलॉनचा ताठ, बारीक दोरा टोचला, थरथरणारं लोखंड हाडावर धरलं. ‘कळलं का आजी?’ मी म्हणते, सुरू तर करा. त्यांचं करून झालं होतं. शुगरनं पायाच्या नसा खराब झाल्यात म्हणे. म्हटलं, नस गेली तर आग कशी होते? तर म्हणाल्या, उंदरानं मोटारीची वायर कुरतडली की मोटार चालत नाही, पण झटका बसतोच ना? पटलं मला. गोळी दिली — आधी तिच्या गुंगीनं नुसती डुलायचे मी — पण दोन महिन्यांत निम्मी आग गेली. बधिरपणा आहे तसाच. म्हणून अनवाणी फिरायचं नाही नि तळवे रोज बघायचे.

शुगर? होती ना, सहा वर्षं. गोळ्याही होत्या. त्या मी — आता तुम्ही कुठं सांगायला जाणार — तोंडात धरायचे नि परसात थुंकायचे. दिपमाला सगळ्यांना सांगायची, आई वेळेवर घेतात. आता रोज संध्याकाळी ती माझा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटातनं बघते. मी वर पंख्याकडे बघत बसते. चुकलं माझं, एवढं म्हणायचं — वर्ष झालं, नाही जमलं.

तीच ती, रिपोर्ट घेऊन येतेय. ये गं, दमलीस? बस, माझ्याजवळ बस, मला जरा बोलायचंय — तुम्ही जा हो नाना, तुमचा नंबर आला.