गाडीची खडखड गेली

गाडीचं काम काढा, पण घरी विचारून काढा, बाप्पा! माझी जुनी गाडी तुम्ही पाहिली कमी अन् ऐकली जास्त. अहेरीहून सावलीजवळच्या आमच्या गावी गेलो, की नाल्याच्या पुलापासूनच तिची खडखड ऐकू जाये. मायले आता दिसत नाई. पण खडखड कानावर आली, की माय माझ्या वहिनीले म्हणे, "चहा मांड, बाबू आला."

मागच्या खेपेस गाडी आधी मूलच्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "भाऊ, शॉकअप गेले, स्प्रिंगा बसल्या. आता मुकाट्यानं बदला." बदलले. गाडी अशी चालली, जसा तळ्यात तरंगणारा डोंगा. गुपचूप अंगणात आणून लावली. म्हटलं, मायची गंमत करू.

तेवढ्यात रस्त्यावरून कोणाची तरी मोडकी जीप खडखडत गेली. माय आतून ओरडली, "चहा मांड वं, बाबू आला!"

वहिनी म्हणाली, "नाई आले ते, बाई. खडखडली गाडी की मांडू काय चहा? दिवसभर तेच करून राह्यले मी."

मी हसतच आत गेलो. "माय, खरंच आलो न मी!"

"गाडी कुठी आहे?"

"अंगणात. नवे शॉकअप टाकले. आता वाजत नाई."

मायनं माझा हात धरला, चाचपला. मंग हळूच म्हणाली, "म्हणजे आता खडखड आली, तं तू नाई."