पडद्याची दोरी

हर्षिता : काकू, अहो स्टुलावर चढू नका ना! सुशांत संध्याकाळी ऑफिसमधून आला की काढेल सगळे पडदे. काल क्लोजिंग झालं, घर आता आमच्या नावावर आहे. तुम्ही पडलात तर केस आमच्यावर!

शुभा : तीस वर्षं या खिडकीशी मी स्टुलावर चढतेय. तुला सातवा महिना आहे, तू खालीच थांब. हा घोळ तेवढा हातात धर. ओढू नकोस हं, एकेक हुक सोडवून देते.

हर्षिता : केवढा जड आहे हा! कापड आहे की सतरंजी?

शुभा : आतून दुहेरी अस्तर आहे. मिशिगनमधली, आपल्या या नोव्हायमधली थंडी अजून नीट पाहिली नाहीस तू. जानेवारीत काचेजवळ हात नेलास तर कळेल. आणि वर या चुण्या बघ, तीन-तीनच्या. आत बकरमची कडक पट्टी घातलीय, म्हणून इतक्या वर्षांनीही उभ्या आहेत.

हर्षिता : खरं सांगू काकू? मला वाईट वाटून राहिलंय. तुम्ही हाताने शिवलेले पडदे, आणि आम्ही यायच्या आधीच मोटरवाले शेड्स ऑर्डर करून बसलो. सुशांत म्हणाला, काकूंना बोलू नको, हर्ट होतील.

शुभा : मोटरवाले म्हणजे रिमोटचे ना? दोरी नाही ना त्यांना?

हर्षिता : नाही, एकही नाही.

शुभा : मग मला कसलं वाईट वाटतंय! बाळ यायच्या आत लावून घ्या.

हर्षिता : बापरे, मी उगाच चार दिवस टेन्शन घेतलं. पण तुम्ही हे सगळं शिकलात कुठे? पुण्यात क्लास केला होता?

शुभा : छे गं. एकोणनव्वद साली आम्ही नवरा-बायको इथे आलो. श्रीरंग गाड्यांच्या सीटचे रेल डिझाइन करायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही. सकाळी तो गेला की मी आणि अपार्टमेंटच्या खिडक्यांवरच्या त्या पत्र्याच्या पट्ट्या. हीटर लागला की खडखड, बंद झाला की खडखड. एका शनिवारी गॅरेज सेलमध्ये शिवणयंत्र दिसलं. म्हटलं, निदान या पट्ट्यांवर काहीतरी घालू.

हर्षिता : आणि मग?

शुभा : मग पडदे बघायला माणसं यायला लागली. तेव्हा इथे मराठी घरं मोजून पंचवीस-तीस. ज्याने घर घेतलं त्याच्याकडे आम्ही तिघं जायचो. मापं कांचन घ्यायची, शिवायची मी आणि ठोकायचा श्रीरंग.

हर्षिता : कांचन म्हणजे?

शुभा : कांचन माझी मैत्रीण. मुंबईची, गिरगावातली. तोंडाने फटकळ, पण माप घ्यावं तर तिनेच. एकदाही चुकली नाही. श्रीरंग भिंतीवर टकटक करत कान लावून फिरायचा. इथल्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. मागे लाकूड कुठे आहे ते शोधून तिथेच ब्रॅकेट मारावा लागतो, नाहीतर पडदा रॉडसकट खाली. कांचन त्याला म्हणायची, "कलिंगड घेतोयस की काय?"

हर्षिता : किती मस्त यार! आमच्याकडे बघा, टेक्निशियन येतो, वीस मिनिटांत लावून जातो. नावसुद्धा कळत नाही त्याचं.

शुभा : आम्हाला वीस मिनिटं तर चहालाच लागायची. काम झालं की त्या घरी पिठलं-भात. पहिल्यांदा पडदा ओढायचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा. सर्रकन उघडला की सगळे टाळ्या वाजवायचे. पडद्यासाठी टाळ्या, सांग आता!

हर्षिता : काकू, एक विचारू? प्रत्येक खिडकीत खाली हे छोटं चाक स्क्रूने बसवलंय. दोरी त्यातून घेऊन घट्ट ताणलीय. हे कशासाठी?

शुभा : दोरी सैल लोंबू नये म्हणून. या पडद्यांची दोरी गोल असते, वरून खाली येते आणि परत वर जाते. चाक नसेल तर खाली नुसता फास लोंबत राहतो.

हर्षिता : अच्छा, म्हणजे सेफ्टीसाठी. काकांनी बसवलं?

शुभा : हो. पण उशिरा.

हर्षिता : उशिरा म्हणजे? काकू, आधी खाली उतरा. बसा इथे.

शुभा : अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे. दिवाळीच्या आधीचा रविवार. आम्ही सगळ्या बायका स्वयंपाकघरात चकल्या पाडत होतो. पुरुष बेसमेंटमध्ये, मुलं इथे लपंडाव खेळत होती. कांचनची आरोही अडीच वर्षांची. ती सोफ्यावर चढून या पडद्यामागे लपली आणि उतरताना...

हर्षिता : नको काकू. नका सांगू.

शुभा : वाचली गं ती. श्रीरंग खुर्ची न्यायला वर आला होता. त्याला पडद्याखाली दोन पाय दिसले, नुसते अंगठे टेकलेले. त्याने तिला उचलून धरलं आणि असा ओरडला की माझ्या हातातला सोऱ्या पडला. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. महिनाभर आवाज घोगरा होता, मग तोही मोकळा झाला. आता शिकागोत दातांची डॉक्टर आहे.

हर्षिता : थँक गॉड.

शुभा : ते चाक रॉडच्या पाकिटातच आलं होतं. श्रीरंग लावायला बसलाही होता. मीच म्हटलं, नवीन लाकडाला भोकं पाडू नकोस, वाईट दिसतं. त्याने ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

हर्षिता : तुम्हाला कुठे माहीत होतं, काकू?

शुभा : त्याला माहीत होतं, त्याने सांगितलंही होतं. ऐकलं मी नाही. हॉस्पिटलमध्ये कांचनने विचारलं, "दोरी अशी मोकळी कशी सोडलीत?" मी तोंड उघडायच्या आत श्रीरंग म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं." आणि मी गप्प बसले.

हर्षिता : नंतर सांगितलं ना पण?

शुभा : नाही. आज सांगू, उद्या सांगू. दिवस गेले तसं ते आणखी जड होत गेलं. कांचनने या घरात पाऊल टाकणं बंद केलं. मंडळाच्या कार्यक्रमात भेटली की "बरी आहेस?" एवढंच. श्रीरंगने पुढचे चार शनिवार काय केलं ठाऊक आहे? आम्ही पडदे लावलेल्या प्रत्येक घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला. दारात उभा राहून माफी मागायचा, चाक बसवायचा आणि निघायचा. पाणीसुद्धा घ्यायचा नाही. कांचनच्या घरीही गेला.

हर्षिता : त्यांनी आत घेतलं?

शुभा : घेतलं. उभ्याने बघत राहिली म्हणे. मी त्या दिवसापासून कोणासाठी पडदा शिवला नाही. यंत्र मंदिराला देऊन टाकलं.

हर्षिता : आणि काकांनी तुम्हाला कधीच...

शुभा : कधीच नाही. भांडणातसुद्धा नाही. आमची भांडणं काय कमी व्हायची? पण माझं ते भोकांचं बोलणं त्याने एकदाही काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. फ्युनरल होमला कांचन आली. सगळे निघाल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, चूक माझी होती, सव्वीस वर्षं तू त्याला दोष दिलास.

हर्षिता : काय म्हणाल्या त्या?

शुभा : म्हणाली, "मी त्याला कधी दोष दिला? श्रीरंग स्क्रू विसरणारा माणूस होता का गं? मला त्याच दिवशी कळलं होतं."

हर्षिता : मग इतकी वर्षं त्या आल्या का नाहीत?

शुभा : मीही तेच विचारलं. म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

हर्षिता : अरे देवा.

शुभा : चूक तर होऊन गेली होती गं, पोरगीही हसत खेळत होती. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एक वाक्य, बस. आणि मी ते न बोलता श्रीरंगच्या आड लपून राहिले.

हर्षिता : आता बोलता ना तुम्ही दोघी?

शुभा : रोज. सकाळी आठला तिचा फोन येतो. मंदिरात जातो, भाजी आणायला जातो. पण या घरात ती अजून आलेली नाही. श्रीरंगच्या तेराव्यालाही नाही. पाय उचलत नाही म्हणते. मीही आग्रह केला नाही.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

हर्षिता : तुमची उबर आली वाटतं. फ्लाइट किती वाजता आहे?

शुभा : चारला. मुलगा येईल, अनुप, डॅलसच्या एअरपोर्टवर न्यायला. तिथे जवळच फ्रिस्कोला त्याच्या घरी मला वेगळी खोली केलीय. उबर नाही गं ती. कांचन आहे, तीच सोडतेय मला.

हर्षिता : बाहेर बसल्यात त्या? एवढ्या थंडीत? आत बोलवा ना!

शुभा : मी नाही बोलावणार. माझ्या हाकेला तिला नाही म्हणावं लागेल आणि मग डेट्रॉइटच्या एअरपोर्टपर्यंत दोघी गप्प. तू बोलव हवं तर. घर आता तुझं आहे.

हर्षिता : मी? मला ओळखतसुद्धा नाहीत त्या... बरं, थांबा. कांचनमावशी! अहो कांचनमावशी, मी हर्षिता! आत या ना पाच मिनिटं. चहा टाकते.

कांचन : नको गं बाई, उशीर होईल! तिला पाठव बाहेर! सामान किती आहे?

हर्षिता : दोनच बॅगा आहेत. पण मावशी, मला तुमची मदत पाहिजे. बाळाच्या खोलीच्या खिडकीचं माप घ्यायचंय, आणि काकू म्हणतात, माप घ्यावं तर तुम्हीच.

कांचन : असं म्हणते ती?

हर्षिता : आत्ताच म्हणाल्या. शपथ.

कांचन : टेप आहे का घरात? की तोही पॅक केलाय तिने?

शुभा : ड्रॉवरमध्ये आहे गं. काढून ठेवते.

कांचन : हं. आले. हे दार आता आत उघडतं की बाहेर? ... थांब, बूट काढते.

शुभा : राहू दे कांचन. तशीच ये.