बस स्टॉप प्लॉटला लागून

(नांदेडच्या बाहेर, मुखेडकडं जाणारा रस्ता. कडेला उघडा माळ, त्यात रंगवलेल्या पाट्या.)

निवृत्ती : ...आन् ताई, इथं बगीचा. तुमचे सासरे सकाळच्याला फिरून राहिले. मोगरा, गुलाब, मधात कारंजं!

लुंबिनी : मला तर बाभळीच दिसायल्यात.

निवृत्ती : तुम्ही आजचं बघून राहिल्या, ताई. लातूरला आमचं ट्रेनिंग झालं. सर म्हनले, गिऱ्हाइकाला आज दाखवूच नका. पुढचं दाखवा. मनानं तिथं जाऊन राहा.

लुंबिनी : आणि त्या 'स्विमिंग पूल'च्या खड्ड्यात म्हशी बसल्यात, त्या?

निवृत्ती : त्या आगाऊ मेंबर हायत.

लुंबिनी : बोलण्यात ऐकणार नाही तुम्ही! हे बघा निवृत्तीभाऊ, मी नर्स. सकाळची ड्युटी. नांदेडला जायला इथून गाडी असंल, तरच प्लॉट. बगीचा नसला तरी चालंल.

निवृत्ती : तीच तर गंमत हाय! बस स्टॉप प्लॉटला लागून. ती बघा पाटी. प्रवासी बी बसलेत!

लुंबिनी : आजी बसलीय खरी. मांडीवर कोंबडी, बाजूला पिशवी.

निवृत्ती : चालू स्टॉप! राम राम, आजी!

सरजाबाई : राम राम राहू दे तुझा. गाडी कवा थांबती रं इथं?

निवृत्ती : थांबंल की... पुढं.

सरजाबाई : पुढं म्हंजी फाट्यावर? तिथवर तर रोजच चालत जाते मी. नातीनं पाटी वाचून सांगितली म्हून इथं बसले. लेकीकडं पाहुणे जेवायचे खोळंबलेत, आन् गाड्या नाकासमोरून निघून जायल्यात. ही कोंबडी तेवढी खुश हाय.

लुंबिनी : निवृत्तीभाऊ?

निवृत्ती : ताई, पहिले पाटीवर 'नियोजित बस स्टॉप' होतं. सर म्हनले, नियोजित म्हनलं की गिऱ्हाईक भितंय. म्हून मीच तो शब्द पुसला. सगळ्याच पाट्यांवरचा.

लुंबिनी : दवाखान्याच्या पाटीवरचा पण?

निवृत्ती : हाव. परवा एकजन आजारी शेळी घेऊन आला. पार दिवस मावळेस्तोर डॉक्टरची वाट बघत बसला.

सरजाबाई : बरी झाली का शेळी?

निवृत्ती : झाली की. बगीचा खाऊन.

लुंबिनी : म्हणजे इथं गाडी थांबतच नाही. चला, निघते मी.

निवृत्ती : ताई, थांबा की जरा! आता खरं सांगतो. दिवाळीपासून एक बी प्लॉट गेला न्हाई माझा. आज न्हाई गेला तर आमच्या मालकीण शिवकांता मॅडम कामावरून काढून टाकतेत. म्हनल्या, आता तुझं भविष्य तूच बघ.

सरजाबाई : ए, आली गाडी! धर कोंबडी.

निवृत्ती : मला कामून? अहो आजी! रस्त्याच्या मधात कामून उभ्या राहिल्या!

सरजाबाई : थांब रं मुडद्या! थांब! पाटी वाच, पाटी!

लुंबिनी : अगं बाई, थांबली!

निवृत्ती : बघा ताई, लोकं बी उतरायलेत!

लुंबिनी : आजी चाकाखाली आली का ते बघायला उतरलेत.

सरजाबाई : कंडक्टर म्हनला, इथं स्टॉप न्हाई. म्हनलं, एवढं ठळक लिहिलंय, शाळंत गेला न्हाईस का? मंग बसा म्हनला मुकाट्यानं. आन इकडं ती कोंबडी.

निवृत्ती : घ्या, घ्या. लई टोचलं हिनं.

सरजाबाई : येते गं बाई. पाटी चांगली हाय.

लुंबिनी : गेली आजी.

निवृत्ती : पन थांबली का न्हाई गाडी? तुमच्या डोळ्यादेखत!

लुंबिनी : कोणीतरी आडवं उभं राहिलं म्हणून थांबली.

निवृत्ती : मंग उद्या तुमच्या टायमाला मी आडवा होतो.

लुंबिनी : उद्या व्हाल. मला रिटायर व्हायला लई वर्षं हायत, भाऊ.

निवृत्ती : रोज येतो! डायव्हरला सवय लागंस्तोर. डेपोत अर्ज बी देतो. सरजाबाईचा पहिला अंगठा.

लुंबिनी : आजीचं नाव सरजाबाई? कधी विचारलं तुम्ही?

निवृत्ती : पिशवीवर नावाचं भरतकाम होतं की.

लुंबिनी : बरं. राहायला कुठं तुम्ही?

निवृत्ती : तरोड्याला, नांदेडच्या पल्याडच्या टोकाला.

लुंबिनी : तिथून भल्या सकाळी इथं? रोज? कशानं येणार?

निवृत्ती : ते बी हाय... ताई, मंग मला बी इथंच एखादा प्लॉट बघावा लागंल.

लुंबिनी : बघा. आणि त्याच्या शेजारचा मला ठेवा.