पुंजाजींचं जीवनकार्य

सुलतानपुरातलं व्याख्यान आटोपून कामरान सर पुढच्या व्याख्यानासाठी एसटीच्या थांब्यावर बसले होते. त्यांच्या पुढच्या बाकावर जहांआराभाभी आणि पुंजाजींची बायको जयमाला, दोघी शेतशेजारणी, बोलत बसल्या होत्या.

“जयमाला, पुंजाजीभाऊ दिसत नाही?”

“जीवनकार्य शोधून राह्यले ना, भाभी.”

“आता पन्नाशीत?”

“पहिल्यापासूनच शोधते. पंचविशीत कुस्ती होती. पस्तिशीत फटफटीवर भोंगा लावून गावोगाव बीटी कापसाच्या बियान्याचा प्रचार केला.”

“आमच्या घरीबी तेच पेरलं.”

“मंग बोंडअळी आली, तं हे सेंद्रियचे गुरू झाले.”

“आन कापूस?”

“त्याले मी आहो ना.”

“मंग आता काय नवीन?”

“गावात एका सराचं भाषन झालं, ‘आपलं जीवनकार्य ओळखा’. तवापासून मले म्हनते, तू बी शोध.”

“मंग?”

“म्हनलं, शोधतो. तवर माही पात तुमी धरा, ओळभर कापूस येचा.”

“येचला?”

“अर्ध्या पातीतच समजलं त्यायले, आपला जन्म यासाठी नाही.”

“आन तो सर?”

“उरलेली अर्धी पात त्याच्यासाठीच ठेवली हाय.”

गाडी आली. कामरान सर पाटी न वाचताच चढले.